तुम्ही विचारलेत म्हणून : विमानातून मागून ढकलतात का?

मी सैन्यात पॅराट्रूपर, म्हणजे विमानातून पॅराशूटने उडी घेणारा सैनिक. सुट्टीवर साताऱ्याला आलो की एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी काकांपासून गावच्या यात्रेत भेटणाऱ्या मामांपर्यंत अनेक जण एकच प्रश्न विचारतात : "दारात उभं केल्यावर तुम्हाला मागून ढकलतात म्हणे, खरं का?" उत्तर 'होय' असावे अशी विचारणाऱ्याची मनोमन इच्छा दिसते, कारण तसे असेल तर गोष्ट रंगते. मी 'नाही' म्हणतो आणि त्यांची निराशा होते. ढकलावे का लागत नाही हे दोन वाक्यांत सांगता येण्यासारखे नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहे.

पॅराशूटचे मूलभूत प्रशिक्षण आग्र्याला होते. तिथली पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल हवाई दलाची आहे. उड्या मारणारे बहुतेक भूदलाचे आणि शिकवणारे उस्ताद हवाई दलाचे. मी निघालो तेव्हा आई म्हणाली होती, "महाराज किती युक्तीनं आग्र्याहून सुटून आले, आणि तू आपल्या पायानं तिकडं निघालास." साताऱ्यात याहून वेगळा निरोप मिळणे कठीण.

लोकांच्या डोळ्यांसमोर विमानाचे दार असते. प्रशिक्षणाचा मोठा भाग मात्र विमानाचे तोंडही न पाहता, जमिनीवर पडायला शिकण्यात जातो. गोल पॅराशूटखाली माणूस सेकंदाला साधारण पाच मीटर वेगाने खाली येतो आणि वारा असेल तर त्याच वेळी आडवाही सरकत असतो. हा आघात एकट्या घोट्याने घेतला तर घोटा जातो. म्हणून चवडे, पोटरीची बाजू, मांडी, नितंब आणि शेवटी पाठीचा स्नायू अशा क्रमाने अंग जमिनीला टेकवत लोळण घ्यायची असते. दोन्ही पावले आणि गुडघे जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी आत, कोपरे अंगाशी, आणि नजर खाली नव्हे तर समोर क्षितिजाकडे. हा शेवटचा नियम सर्वांत अवघड, कारण उतरताना जमिनीकडे पाहण्याचा मोह कोणालाही आवरत नाही. पण तिच्याकडे पाहत राहिले की पाय नकळत तिला शोधू लागतात, एक पाय आधी पुढे होतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो. ही लोळण उंच चौथऱ्यावरून पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे इतक्या वेळा करून घेतात की रात्री बराकीत कूस बदलतानासुद्धा गुडघे जुळलेले असतात. आमच्या तुकडीत भरती होऊन नुकताच आलेला जवान होता तसा सैन्यातला डॉक्टरही होता, आणि उस्ताद दोघांवर सारख्याच आवाजात ओरडत असत.

त्यानंतर विमानाच्या सांगाड्यात कवायत सुरू होते. उठणे, हुक लावणे, स्वतःची आणि पुढच्याच्या पाठीवरची साधने तपासणे, मागून पुढे क्रमांक पुकारणे. पुष्कळांना वाटते की दोरी ओढून पॅराशूट स्वतःच उघडायचे असते. आमच्या उडीत तसे नसते. पाठीवरच्या पॅराशूटला जोडलेला लांब पट्टा, म्हणजे स्टॅटिक लाइन, विमानातल्या पोलादी तारेला अडकवलेला असतो. माणूस बाहेर पडला की त्याच्याच वजनाने तो पट्टा पॅराशूट ओढून काढतो. जवानाने 'एक हजार, दोन हजार' असे म्हणत सेकंद मोजायचे, मान वर करून पॅराशूट नीट फुलले आहे का ते पाहायचे, आणि फुलले नसेल तर छातीवरचे राखीव पॅराशूट उघडायचे. म्हणजे दारात उभ्या असलेल्या माणसाला ठरवायचे असे फारच थोडे शिल्लक ठेवलेले असते. माझ्या मते या प्रशिक्षणाचे सगळे मर्म इथे आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे इथेच आहे.

उडी साधारण १२५० फुटांवरून असते. अजिंक्यताऱ्याच्या तटावरून राजवाडा आणि पोवई नाका जेवढे दिसतात, त्याहून थोडे लहान दिसतील इतकीच ही उंची. विमान त्या वेळी ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जात असते, म्हणजे सेकंदाला साठ मीटरहून अधिक. एक जण दारात दोन सेकंद जरी घुटमळला, तरी त्याच्या मागचा प्रत्येक जण सव्वाशे मीटर पुढे जाऊन उतरतो आणि रांगेतले शेवटचे काही मैदानाच्या बाहेर जातात. सरावात याचा अर्थ थोडी अधिक पायपीट एवढाच. युद्धात मात्र विखुरलेली तुकडी ही तुकडी राहत नाही. बांगलादेश युद्धात, ११ डिसेंबर १९७१ रोजी दुसऱ्या पॅरा बटालियनने, म्हणजे मूळच्या मराठा पलटणीने, आताच्या बांगलादेशातल्या टांगाईलजवळ उडी घेतली ती पुंगलीचा पूल ताब्यात घेऊन उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवण्यासाठी. पूल एकेकट्याने घेता येत नाही. आधी जमिनीवर एकत्र जमावे लागते, आणि त्या जमण्याची सुरुवात विमानाच्या दारात होते. म्हणूनच हिरवा दिवा लागला की रांग अजिबात न थांबता वाहत राहिली पाहिजे, यावर एवढा कटाक्ष असतो. दाराशी उभा राहून एकेकाला बाहेर सोडणारा डिस्पॅचर कधी खांद्यावर थाप देतो. व्हिडिओत पाहणाऱ्याला तोच धक्का वाटत असावा.

कोणी थांबलाच तर काय होते, असा पुढचा प्रश्न येतो. त्याला बाजूला घेतात, म्हणजे मागची रांग अडत नाही, आणि तो विमानाबरोबर परत येतो. या कामासाठी जवान स्वेच्छेने येतात, त्यामुळे ज्याला ते नको असेल त्याला जबरदस्तीने बाहेर काढण्यात कोणाचेही हित नसते. इच्छेविरुद्ध बाहेर पडलेला माणूस हातपाय पसरून गडबडत जाईल, दोऱ्यांना पीळ पडेल किंवा त्यांत तो स्वतःच अडकेल. आणि समजा सुखरूप उतरला, तरी शत्रूच्या मुलखात त्याच्यावर भिस्त कशी ठेवायची?

भीती वाटते का, हे मात्र खरेखुरे सांगतो : वाटते, पण लोक समजतात त्या वेळी नव्हे. आग्र्याजवळ आम्ही उतरतो त्या मालपुऱ्याच्या मैदानावर वारा अधिक असेल तर उडी लांबते, आणि साधने अंगावर आवळून तासन् तास बसून राहावे लागते. त्या बसण्यात मन नको तिथे फिरून येते. पहिल्या उडीची मला तुटकच आठवण आहे : इंजिनांचा आवाज, हवेचा तडाखा, मग खांद्यांना बसलेला हिसका आणि त्यानंतर एकाएकी पसरलेली शांतता. सगळे अंगवळणी पडलेल्या कवायतीने झाले. विचार करायला सवडच मिळाली नाही. दुसरी उडी अधिक जड गेली, कारण आता दाराबाहेर काय आहे हे ठाऊक होते. रात्रीच्या उडीत तर क्षितिजच दिसत नाही, जमीन किती खाली आहे याचा अंदाज लागत नाही, आणि पाय जुळवून वाट पाहण्यापलीकडे हातात काही नसते. चौथऱ्यावरच्या त्या कंटाळवाण्या लोळणी कशासाठी होत्या, हे त्या रात्री कळते.

मूलभूत अभ्यासक्रमात अशा पाच उड्या असतात, त्यांतली एक रात्रीची, आणि त्या पूर्ण झाल्या की विंग्ज, म्हणजे गणवेशावर लावायचे पंखांचे चिन्ह, मिळतात. इथल्या भरती अकॅडमीतली मुले मला पॅराट्रूपरच्या गडद लाल ('मरून' रंगाच्या) टोपीबद्दल विचारतात, छाती किती लागते आणि सोळाशे मीटर किती वेळात धावावे लागते तेही विचारतात. घोट्यांबद्दल अजून कोणी विचारलेले नाही. धावणे चांगलेच आहे. पण पॅरात जायचे मनात असेल तर दोरीवरच्या उड्या, पोटऱ्या आणि घोटे बळकट करणारे व्यायाम आतापासून रोज करा, आणि जुना मुरगळलेला पाय 'चालतंय' म्हणून लपवू नका. तो आग्र्यात पहिल्याच आठवड्यात उघडा पडतो.