अल्सरचे ऑपरेशन आणि त्यानंतरची चाळीस वर्षे

माझ्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, पोटावर छातीच्या खालून बेंबीपर्यंत उतरणारा एक उभा व्रण आहे. ते रविवार कारंजावरच्या एका पेढीवर हिशेब लिहीत असत. पंचवटीतल्या आमच्या घरी रात्री दोनच्या सुमारास पोटात कळ येऊन ते उठत, कपभर गार दूध पीत आणि भिंतीला टेकून उजाडण्याची वाट पाहत. उपाशीपोटी दुखणे आणि काही खाल्ले की शमणे ही ड्युओडेनमच्या, म्हणजे जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, अल्सरची जुनी खूण आहे. वर्षानुवर्षे ही आतली जखम भरत आणि पुन्हा चिघळत राहिल्याने जठरातून पुढे जाण्याची वाट आक्रसली, सकाळी खाल्लेली भाकरी संध्याकाळच्या उलटीत तशीच पडू लागली आणि १९८४ मध्ये ऑपरेशन करावे लागले.

त्या काळच्या शस्त्रक्रियांचा विचार असा होता, की अल्सर कापून काढण्यापेक्षा त्याला पोसणारे आम्लच कमी करावे. सुरुवातीला त्यासाठी जठराचा दोन तृतीयांश किंवा त्याहून मोठा भाग काढून टाकत असत. अल्सर सहसा परतत नसे, पण माणूस खंगत असे. १९४३ मध्ये शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी जठराला आम्ल तयार करण्याचा निरोप देणारी व्हेगस नसच कापण्याचा मार्ग दाखवला. मात्र ही नस मुळाशी कापली की जठराची हालचालही मंदावते आणि अन्न आत तुंबते, म्हणून त्याच्या जोडीला जठराचे खालचे तोंड रुंद करावे लागते किंवा जठर आतड्याच्या पुढच्या भागाला जोडून नवी वाट काढावी लागते. एवढे करूनही शंभरातल्या साधारण दहा जणांना अल्सर पुन्हा होई. नस कापून जठराचा खालचा भागही काढला तर हे प्रमाण एकाच्या आसपास येई, पण ऑपरेशन मोठे आणि जोखीम अधिक. १९७० च्या सुमारास लीड्स आणि कोपनहेगन येथील सर्जनांनी नसेच्या फक्त आम्ल तयार करणाऱ्या भागाकडे जाणाऱ्या फांद्या कापण्याची पद्धत आणली. मला ती सर्वांत विचारी वाटते, कारण तीत जठराचे दार शाबूत राहते आणि नंतरचे त्रास फार कमी होतात. अल्सर परतण्याचे प्रमाण मात्र सर्जनच्या हातावर पुष्कळ अवलंबून असते.

दादांची वाटच बंद झाली होती, त्यामुळे नस मुळाशी कापून आतड्याची जोडणी, ज्याला डॉक्टर ‘जीजे’ म्हणतात, ती करण्यात आली. निर्णय योग्यच होता आणि त्या सर्जनविषयी आमच्या घरात आजही कृतज्ञता आहे. माझी तक्रार त्यानंतरच्या मौनाबद्दल आहे. घरी पाठवताना दिलेल्या कागदावर टाके काढण्याची तारीख होती. पुढच्या आयुष्याबद्दल एक ओळही नव्हती.

सणाच्या सकाळी शिरा खाल्ला की अर्ध्या तासात दादांना दरदरून घाम फुटे, छाती धडधडे आणि ते आडवे होत. आई म्हणे, दृष्ट लागली. खरे कारण हे, की जठराचे दार टाळून नव्या वाटेने गोड अन्न एकदम आतड्यात उतरते आणि रक्तातले पाणी तिकडे ओढले जाते. याला डंपिंग म्हणतात. थोडे थोडे आणि अनेकदा खाणे, गोड कमी करणे, जेवताना पाणी न पिणे, एवढ्याने ते पुष्कळ आटोक्यात येते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

त्याहून गंभीर गोष्ट हळूहळू घडत होती. लोह मुख्यतः ड्युओडेनममध्येच शोषले जाते आणि नव्या जोडणीमुळे अन्न तो भाग टाळून जाते. अन्नातले बी-१२ मोकळे व्हायला आम्ल लागते आणि तेच कमी केलेले असते. त्यात आमचे घर शाकाहारी. दादांची जीभ गुळगुळीत झाली, पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना ते दोनदा थांबू लागले आणि आम्ही ते वयावर ढकलत राहिलो. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठच्याही खाली होते. बी-१२ ची इंजेक्शने आणि लोह सुरू झाल्यावर ते पुन्हा सकाळी गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जाऊ लागले. पायांचा बधिरपणा मात्र पूर्ण गेला नाही.

आज अशी ऑपरेशने क्वचितच होतात. दादांच्या ऑपरेशनच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर जंतू स्वतः पिऊन त्याने जठराला सूज येते हे दाखवले. त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. आता हा जंतू मारणाऱ्या दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक अल्सर बरे होतात आणि वेदनाशामक गोळ्या जपून घेतल्या तर टळतातही. चाकू लागतो तो अल्सर फुटला, दुर्बिणीतून रक्त थांबले नाही किंवा वाट बंद झाली तरच.

पण सत्तर-ऐंशीच्या दशकांत ऑपरेशन झालेली माणसे अजून आपल्या घरांत आहेत. त्यांचे हिमोग्लोबिन आणि बी-१२ वर्षातून एकदा तपासावे. वजन घटत असेल किंवा शौच काळी होत असेल तर एंडोस्कोपी लांबवू नये, कारण जोडणीपाशी नवा अल्सर होऊ शकतो आणि जठराचा भाग काढलेल्यांत बऱ्याच वर्षांनी कर्करोगाचा धोकाही वाढतो. दादांचा तो पिवळा पडलेला कागद मला ट्रंकेत सापडला. त्यावरचे ऑपरेशनचे नाव मी एका कार्डावर उतरवून घेतले आहे आणि इंजेक्शनच्या तारखांसह ते कार्ड आता त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते.