डोळ्यांवर नको, मापावर जा

डिचोलीत नर्सिंगच्या मुलींना बाळंतपणातला रक्तस्राव शिकवताना मी चादरीवर अर्धा लिटर आगळाचं (कोकमाच्या रसाचं) लाल पाणी ओतते. किती? बहुतेकजणी म्हणतात, दोन-अडीचशे मिली. चादर शोषून घेते, डोळा फसतो. खरं तर ५०० मिलीला धावपळ सुरू व्हायलाच हवी!

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात, चार आफ्रिकी देशांतल्या ८० रुग्णालयांत, मापाच्या खुणांची पिशवी बाळंतिणीखाली लावून पाहिली. जास्त रक्त गेल्याचं दिसलं की गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचित करणारं औषध), ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड (रक्तस्राव रोखणारं औषध), सलाइन, तपासणी, सगळं एकदम. गंभीर परिणाम (अतिरक्तस्राव, त्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे मृत्यू) ६० टक्क्यांनी घटले. मला ही पिशवी प्रत्येक लेबर रूममध्ये हवी आहे.

साखळी गावच्या एकीने विचारलं, ‘मॅडम, पिशवी नसली तर?’ भिजलेले पॅड वजन कर, म्हटलं. कोरड्याचं वजन वजा कर. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली.