रात्रीची मोटर सापडली: साडेदहाचे १३५० झाले होते

शेतातली मोटर ठरल्या वेळी आपोआप चालू करायला मी पायथन या भाषेत प्रोग्राम लिहिलाय. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की सकाळची पाळी बिनचूक चालतेय आणि रात्री मोटर उठतच नाही. नंदगडजवळच्या आमच्या उसाला तीन रात्री पाणी नाही. रिले (प्रोग्रामच्या इशाऱ्यावर चालणारा विजेचा स्विच) बदलला, स्टार्टर उघडून बघितला, थ्री फेजची पाळी तपासली. सगळं ठीक. घोळ प्रोग्राम ज्यातून वेळा वाचतो त्या सेटिंगच्या फाइलीत होता.

फाइल यॅमलमध्ये (YAML, सेटिंग साध्या ओळींत लिहायची पद्धत) आहे. काकांना वाचता यावी म्हणून मुद्दाम तेच घेतलं होतं. जेसन (JSON) या दुसऱ्या पद्धतीत टिपेला जागाच नाही, आणि आमच्या फाइलीत ओळीओळीवर टीप आहे, काकांसाठी मराठीत आणि गड्यासाठी कन्नडमध्ये. कामाच्या ओळी दोनच:

सकाळ: ०६:००
रात्र: २२:३०

(फाइलीत आकडे इंग्रजी होते, तेच पुढे महत्त्वाचं आहे.)

परवा सकाळी काकांचा फोन. "काल रात्री चालू झाली की रे मोटर!" मी तर कशालाच हात लावला नव्हता. "काका, तुम्ही फाइलीत काही केलंत का?" तर म्हणे, वेळ पुसली आणि फोनवरून परत तीच टाकली. फाइल उघडली तर रात्रीची वेळ मराठी आकड्यांत!

तिथून उलगडा झाला. पायवायएएमएल (PyYAML), म्हणजे पायथनमध्ये यॅमल वाचणारी लायब्ररी, अजून यॅमल १.१ चे नियम पाळते. त्यात कोलनने (:) जोडलेले आकडे साठच्या पटीत मोजतात, म्हणजे २२ गुणिले ६०, अधिक ३०, झाले १३५०. नियमात पहिला अंक १ ते ९ पैकी हवा. म्हणून शून्याने सुरू होणारी सकाळ सुटली, ती मजकूर म्हणूनच राहिली. माझा कोड कोलनवर वेळ तोडतो. १३५० मध्ये कोलन नाही, म्हणून ती नोंद गुपचूप सोडून पुढे जायचा. मराठी आकडे या लायब्ररीला संख्या वाटत नाहीत, ती त्यांना हात लावत नाही, आणि मजकुराची संख्या करणाऱ्या पायथनच्या इंटला (int) मात्र ते नीट कळतात. कन्नड आकडे घालून बघितले, तेही चालले! एवढा आनंद या प्रकल्पात पहिला रिले खटकन वाजला तेव्हाच झाला होता.

यॅमल १.२ ने हा साठचा नियम २००९ मध्येच काढला. रुआमेल डॉट यॅमल (ruamel.yaml) ही दुसरी लायब्ररी १.२ चे नियम पाळते, शिवाय फाइल परत लिहिताना टिपा जपते. माझ्या मते नवीन काम सुरू करणाऱ्याने तीच घ्यावी.

तरी मी टॉमल (TOML) या सेटिंग लिहायच्या तिसऱ्या पद्धतीकडे जायचं ठरवलं होतं. पायथन ३.११ पासून वाचायची सोय आतच आहे, आणि वेळ हा तिथे स्वतंत्र प्रकार आहे. पण टॉमल १.० च्या नियमात सेकंदही लिहावे लागतात, आणि 'रात्र' हा शब्द अवतरणाशिवाय चालत नाही. फोनवरचा कीबोर्ड वाकडी अवतरणं टाकतो. काकांना हे सांगत बसणं मला पटत नाही.

हे लिहितानाच डोक्यात आलं: फाइलीने प्रकार ओळखायचाच कशाला? रात्रीच्या रकान्यात वेळच येणार हे माझ्या प्रोग्रामला आधीच ठाऊक आहे. मग साधी आयएनआय (INI) फाइल बरी, ओळीओळीला नाव आणि त्यापुढे मजकूर. ती वाचणारा पायथनमधला कॉन्फिगपार्सर सगळंच मजकूर म्हणून देतो, 'रात्र = २२:३०' जशीच्या तशी हातात येते, आकडे कुठल्याही लिपीतले असोत. तो परत लिहिताना टिपा पुसतो, पण माझा प्रोग्राम फाइल फक्त वाचतो. म्हणजे टॉमल रद्द.

वेळ कळली नाही तर आता नोंद सोडायची नाही. कोणता रकाना चुकला ते मराठीत आणि कन्नडमध्ये मेसेजवर पाठवायचं आणि कालचीच वेळ चालू ठेवायची. कन्नड वाक्य गड्याकडून तपासून घेतोय. रविवारी खानापूरला उतरून शेतावर जातो, त्या रात्री मोटरजवळच थांबणार आहे.