रडायचं कुठं?

येळवशीचा (वेळा अमावस्येच्या सणाचा) दुसरा दिवस, रात्री

परवा आम्ही दोघं ह्यांच्या कॅन्सरच्या तपासणीला बार्शीला गेलो होतो. ओपीडीबाहेर बाकावर माझ्या शेजारी एक पोरगी बसलेली, पंचविशीच्या आतबाहेरची, परंड्याकडची. नवरा आत डॉक्टरांकडे. बराच वेळ गप्प होती, मग एकदम म्हणाली, "ताई, तुम्ही रडता कुठं?"

मला तो प्रश्न लगेच कळला. दोन खोल्यांचं घर, सासू-सासरे, लहान लेकरं, आणि ज्याच्यासमोर डोळ्यांत पाणी आणायचं नाही असं सगळ्यांनी बजावलंय तो माणूस समोरच खाटेवर. मग उरतं न्हाणीघर, तेही नळ सोडून. वॉर्डातल्या कितीतरी बायका तेच करतात.

मी तिला म्हटलं, "एकदा त्यांच्यासमोरच रड." ती बघतच राहिली. तेवढ्यात आमचा नंबर पुकारला आणि पुढचं सांगायचं राहून गेलं.

ह्यांना गालाच्या आतून कॅन्सर निघाला तेव्हा घरी येऊन गेलेल्या प्रत्येकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, तू खंबीर राहा, त्याच्यासमोर रडू नको. ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तिला सगळं सांगत बसू नको, बाईमाणूस खचून जाईल. दोघांनीही ऐकलं. ह्यांनी बायोप्सीचा कागद सातबाऱ्याच्या फायलीत घालून ठेवला. मी तो काढून वाचला आणि तशीच घडी घालून परत ठेवला. दोघांना सगळं ठाऊक, आणि दोघंही एकमेकांना "साधी गाठ आहे" म्हणतोय. भेटायला येणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो हे मला कळतं. पण धीर देऊन झाल्यावर चहा पिता पिता "आमच्या पाव्हण्याला असंच झालतं, तीन महिन्यांत गेला" हेही तेच लोक सांगतात. अशांना दारातूनच वाटेला लावावं, मग ते कितीही जवळचे असोत.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये नवरा-बायकोच्या मधे आणखी एक गोष्ट येऊन बसते, ती म्हणजे राग. ह्यांना तंबाखू होती, सुपारी होती. नुसत्या सुपारीनं काही होत नाही म्हणायचे. सुपारी एकटीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्येच सांगितलंय. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, आणि टपरीवर मागितला की मिळतो. ठेचा तोंडाला झोंबायला लागला, भाकरीचा घास मोठा घेता येईना, तेव्हापासून मी मागं लागले होते. "मी सांगत होते" हे वाक्य त्या वॉर्डातल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या ओठावर अडकलेलं असतं. आजारी माणसाला ते बोलायचं कसं?

ऑपरेशनमध्ये गाल, जबड्याच्या हाडाचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या. छातीचं मांस घेऊन गालाला लावलं. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी, नाकातून खाण्याची नळी. बोलणं बंद. म्हणून घरून धाकट्याची जुनी पाटी आणली.

आधी त्या पाटीवर "पाणी", "पंखा", "नर्स" एवढंच असायचं. मग एका रात्री सगळा वॉर्ड झोपलेला असताना ह्यांनी माझा हात हलवला आणि पाटी पुढं केली. "भ्या वाटायलंय." एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाच्या तोंडून हे कधी आलं नव्हतं. सलग दोन वर्षं पावसानं दगा दिला, सोयाबीन गेलं, तेव्हाही नाही. मला बोलता येत होतं, पण मीही खडूच घेतला आणि खाली लिहिलं, "मला बी." मग तिथंच, स्टुलावर बसून, त्यांच्यासमोर रडले. ह्यांनी लिहिलं, "पोरांना सांगू नको." मी म्हटलं, "नाही सांगत." त्या रात्री ऑपरेशननंतर पहिल्यांदा ते गाढ झोपले.

पुढं एकदा पाटीवर आलं, "तू सांगत होतीस." अशा वेळी बायकोनं "जाऊ द्या आता" म्हणायचं असतं. मी म्हटलं, "हो, सांगत होते. लई राग आलाय मला तुमचा." ह्यांनी मान हलवली. बहुतेक त्याचीच वाट बघत होते. तोवर माझा राग नळीतून दूध ढकलण्याच्या घाईत उतरायचा, वाटी आपटण्यात उतरायचा. बोलून टाकल्यावर माझा हात हलका झाला.

रेडिएशन सुरू असताना समुपदेशक बाईंनी एका कागदावरचं थर्मामीटरचं चित्र दाखवलं. शून्य ते दहा, गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला ते सांगायचं. चार किंवा त्याच्या वर असेल तर मदत लागते असं समजतात. ह्यांनी पाचावर बोट ठेवलं. मग बाईंनी मला वेगळं बसवून विचारलं. मी आठ म्हणाले. तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं. बार्शीत १९८७ पासून आसपासच्या गावांमधल्या कॅन्सर रुग्णांच्या नोंदी ठेवतात, त्यात आपले भूम-परंडाही आहेत. फार मोलाचं काम आहे ते. पण नोंद रुग्णाची होते. त्याच्या शेजारी स्टुलावर रात्र काढणारीचं काय झालं, ते कुठंच लिहिलं जात नाही. बाईंनी तेव्हा १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, नंबर दिला होता. फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि रुग्णाच्या घरच्यांनाही लावता येतो.

रेडिएशनचे सहा-सात आठवडे, सोमवार ते शुक्रवार. चेहऱ्यावर जाळीचा मास्क चढवून तो टेबलाला पक्का करतात, मान हलू नये म्हणून. मधल्या आठवड्यांत तोंड सोलवटलं, लाळ चिकट झाली, चव गेली. तोंडाला वास यायचा. मग हे भिंतीकडं तोंड करून, टॉवेल घेऊन झोपायला लागले. मी जवळ गेले की सरकायचे. ह्याबद्दल कुणी बोलत नाही. खर्चाबद्दल, योजनेबद्दल, डॉक्टरबद्दल सगळे विचारतात, पण नवरा-बायको एकमेकांजवळ कसे राहतात हे कोण विचारणार?

आम्हाला जवळ आणलं ते चपट्या लाकडी काड्यांनी, आइस्क्रीमच्या असतात तसल्या. गुटखा-सुपारी, ऑपरेशन, रेडिएशन या सगळ्यानं जबडा आखडतो. चांगल्या माणसाचं तोंड त्याच्याच उभ्या तीन बोटांएवढं उघडतं, ह्यांचं जेमतेम एक बोट. मग काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या, थोडा वेळ धरायच्या, आणि काही दिवसांनी त्यात एकीची भर घालायची. दुखलं की हे माझं मनगट धरतात. तेवढा वेळ आमचे चेहरे वीतभर अंतरावर असतात, भर दिवसा, दार उघडं ठेवून. आमच्या घरात असं कधी नव्हतं. एकदा काड्या काढल्यावर पहिलं काय बोलले तर, "डोळे सुजलेत तुझे. झोपली नव्हतीस?"

पैशाचं फार लिहीत नाही. बरंचसं महात्मा फुले योजनेतून झालं, आणि लालपरीला बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून मुरूड, ढोकी, येडशी असं करत जाणं परवडलं.

भीती गेलेली नाही. हा आजार उलटायचा तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो, म्हणून तपासणी ठरलेली, आणि तपासणीच्या आदल्या रात्री झोप येत नाही हेही ठरलेलं. दिवा मालवल्यावर आम्ही एकमेकांना त्या थर्मामीटरचा आकडा विचारतो. "किती?" परवाच्या आदल्या रात्री हे म्हणाले सात, मी म्हणाले सहा. मग दोघंही जागेच राहिलो, पण मिळून. तपासणी चांगली निघाली.

आणि काल येळवस. शेतात कडब्याची कोप घातलेली, पूजा झाली, डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, सगळी पंगत बसली. ह्यांच्यासाठी भज्जी मी पातळ घोटून वेगळी नेली होती. आंबट अजून तोंडाला सोसत नाही, म्हणून आंबील नाही म्हटलं. माझी पाठ वळली आणि ह्यांनी तांब्या तोंडाला लावला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी पाव्हण्यांसमोरच ओरडले. हेही उलटून ओरडले, "मला बारकं पोर समजतीस का?" शब्द बोबडे येतात, तरी सगळ्या पंगतीला कळलं. घरी येईपर्यंत भांडण चाललं. जाऊबाई मला म्हणाल्या, आजारी माणसाशी असं बोलतात का. मी म्हटलं, नवऱ्याशी बोलतेय.

आज सकाळपासून अबोला. संध्याकाळी काड्यांची वेळ झाली तेव्हा आपणहून डबी घेऊन समोर येऊन बसले. बोलले नाहीत. मनगट मात्र रोजच्यापेक्षा घट्ट धरलं, आणि मीही आज एक काडी जास्तच सरकवली.