इंजेक्शन द्यायला चार वर्षं?

"नर्सिंगच्या डिग्रीला चार वर्षं शिकवतात तरी काय हो?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारतात, आणि एका काकांनी तर मी त्यांच्या हाताची शीर शोधत असताना विचारला. विचारणाऱ्याच्या मनात पुढचं वाक्य तयारच असतं: इंजेक्शन द्यायलाच ना? यंदा भाचीने बीएस्सी नर्सिंगला ॲडमिशन घेतली आणि नातेवाइकांना नवा हुरूप आला. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते. पुन्हा विचारलंत तर हेच वाचायला देईन.

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी, पॅथॉलॉजी असे भारदस्त विषय एका दमात म्हणायचे आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य टाकायचं, "डॉक्टरांचेच विषय असतात आम्हाला, थोडे कमी खोलात." समोरचा गप्प व्हायचा. बघायला आलेल्या मंडळींसमोरही मी हेच म्हटलं होतं. त्यात खोटं काही नाही. पण बेडपॅन, स्पंज बाथ, तोंडाची स्वच्छता, कॅथेटरची म्हणजे लघवीच्या नळीची काळजी यातलं अवाक्षरही मी त्या यादीत येऊ दिलं नाही. ज्या कामाला लोक नाक मुरडतात तेच मी आधी लपवून ठेवायचे. आता त्या यादीचा मला राग येतो. 'थोडे कमी खोलात' म्हणताना आपण स्वतःहून एक पायरी खाली उतरतोय, हे तेव्हा लक्षातच येत नव्हतं.

आमच्या वेळी वार्षिक परीक्षा होती. २०२१-२२ च्या बॅचपासून आठ सेमिस्टर झाली. पहिल्या वर्षी नर्सिंग फाउंडेशन. त्यात बेड मेकिंगचं प्रॅक्टिकल असतं आणि त्यावर सगळं जग हसतं. हसा. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडाखाली चादरीची एक घडी दोन दिवस राहिली की तिथली कातडी आधी लाल होते, मग काळी पडते आणि मग उघडते. पेशंटला अंघोळ घालतानाही शिकवलेलं असतं: डोळा पुसायचा तो नाकाच्या बाजूने बाहेर, एका कोपऱ्याने एकदाच. हात-पाय पुसायचे ते मनगटाकडून खांद्याकडे, घोट्याकडून मांडीकडे, म्हणजे शिरांतलं रक्त हृदयाकडे जायला मदत होते. आणि हे करता करता पाठ बघून घ्यायची. स्पंज देणाऱ्याइतकी पेशंटची पाठ कोणीच बघत नाही, राऊंडला येणारे मोठे डॉक्टरही नाहीत.

इंजेक्शनचंच म्हणाल तर टोचायला एका दुपारीत शिकता येतं. कुणालाही. पोटॅशियम क्लोराइडचं दहा मिलीचं अँप्युल म्हणजे छोटी कुपी असते, औषध दिसायला पाण्यासारखं. सलाईनच्या बाटलीत नीट मिसळून हळूहळू सोडलं तर पेशंट सुधारतो. तेच सिरिंजमध्ये भरून थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. पाचशे मिली सलाईन चार तासांत संपवायचं आणि सेट, म्हणजे सलाईनची नळी, मिलीला वीस थेंबांचा असेल, तर मिनिटाला बेचाळीस थेंब. हे गणित रात्री तीन वाजता, झोपेने डोळे मिटत असताना, घड्याळाच्या काट्याकडे बघत करायचं असतं.

बाकी सगळं सोनंच होतं असं म्हणणार नाही. सोशिऑलॉजी मी पाठ केलं आणि विसरले. ड्रग बुक म्हणजे औषधांची वही, ती निम्म्या वर्गाने एकमेकींची उतरवली. रंगीत स्केचपेनने सजवलेले चार्ट, थर्माकोलची मॉडेल्स, चौथ्या वर्षीचं 'रिसर्च' ज्यात प्रश्नावली एका दुपारी वाटून एका दुपारी गोळा केली, यात किती रात्री गेल्या ते आठवलं तरी चीड येते. क्लिनिकल पोस्टिंगच्या नावाखाली आम्हा पोरींना वॉर्डात फुकटचे हात म्हणून वापरून घेतलं, हेही खरं. वर्गातल्या मुलांना लेबर रूमच्या दारातूनच परत पाठवायचे आणि परीक्षेत मात्र प्रश्न तेच विचारायचे. काही कॉलेजांना स्वतःचं हॉस्पिटल फक्त कागदावर असतं. त्यामुळे तुमच्या प्रश्नात तथ्य अजिबातच नाही असं नाही. पण तुम्ही ते तथ्य ठाऊक असल्यामुळे विचारत नाही.

शिवाय तुम्ही कधीच विचारत नाही अशाही गोष्टी होत्या. सायकियाट्रीच्या पोस्टिंगला प्रोसेस रेकॉर्डिंग नावाचा प्रकार असतो. पेशंटशी बोलायचं आणि नंतर वहीत एका रकान्यात तिचं वाक्य, दुसऱ्यात आपलं, तिसऱ्यात आपण असं का बोललो ते लिहायचं. आपलंच बोलणं असं उभं चिरून बघितलं की कळतं, धीर द्यायला म्हणून बोललेली अर्धी वाक्यं समोरच्याला गप्प बसवायला बोललेली असतात. कम्युनिटीच्या पोस्टिंगला उपकेंद्राच्या गावात घरोघरी जायचो. कुणाच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर बॅग ठेवायची, आधी हात धुवायचे, मगच बॅग उघडायची. स्पिरिटच्या दिव्यावर बेनेडिक्ट, म्हणजे साखर तपासायचं निळं द्रावण, उकळून त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे. विटकरी रंग आला की त्या घरात साखरेचा आजार निघाला. गावातली पोरं जमून बघायची आणि हसायची.

आता चौथ्या वर्षाचं सांगते. मिडवायफरीच्या, म्हणजे बाळंतपणाच्या विषयाच्या, लॉगबुकात आमच्या वेळी वीस नॉर्मल बाळंतपणं स्वतःच्या हाताने करून सह्या घ्याव्या लागत. त्या सह्यांसाठी आम्ही एका सरकारी रुग्णालयात रात्रपाळ्या करत होतो. उसाचा हंगाम होता. संध्याकाळी बीडकडच्या ऊसतोड कुटुंबातली एक बाई झटके येत असताना आणली. एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून येणारे झटके. बीपी एकशे ऐंशीच्या वर, सूज इतकी की पायातली जोडवी मांसात रुतलेली. नावनोंदणी नाही, कार्ड नाही, गरोदरपणातली एकही तपासणी नाही. बाळ पोटातच गेलेलं होतं. तिची सुटका झाली आणि पुढच्या रात्रभरासाठी तिच्याजवळ मला बसवलं. ती माझ्याच वयाची असेल, फार तर वर्षभराने मोठी.

झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. आमच्याकडे चार तासांनी पाच ग्रॅम, कमरेत, एकदा डाव्या बाजूला तर पुढच्या वेळी उजव्या. एक ग्रॅमची पाच अँप्युल फोडून दहा मिलीची सिरिंज भरायची. हे औषध जीव वाचवतं, पण बाहेर पडतं ते किडनीवाटे, आणि या आजारात किडनीच दमलेली असते. औषध अंगात साठलं की आधी नी जर्क, म्हणजे गुडघ्यावर टिचकी मारली की पाय आपोआप उडतो ते, जातो, मग श्वास मंदावतो, मग हृदय. म्हणून प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघा उडतो का, श्वास मिनिटाला सोळा तरी आहेत का, आणि लघवी तासाला निदान तीस मिली होते का. नसेल तर डोस थांबवायचा. वर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये हाताशी ठेवायचं. आठवड्यापूर्वी व्हायव्हात मला हेच विचारलं होतं.

मी दर तासाला यूरोबॅग, म्हणजे नळीला लावलेली लघवीची पिशवी, खालून मोकळी करून मापात लघवी मोजत होते, छातीकडे बघत श्वास मोजत होते आणि हातोडीने गुडघ्यावर टिचकी मारत होते. सासू पलंगाच्या पायथ्याशी फरशीवर बसलेली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "कशाला हाणायलीस गं बाई तिला? आधीच का कमी झालंय?" मी काहीतरी पुटपुटले. 'तपासावं लागतं' असंच असेल. मॅग्नेशियम, किडनी, नस हे त्या माउलीला मराठीत कसं सांगायचं, ते कुठल्याच सेमिस्टरला शिकवत नाहीत.

दोनच्या डोसआधी गुडघा उडाला नाही. दुसरा केला, तोही नाही. पाय नीट सैल सोडून, जागा बदलून पुन्हा मारलं. मला वाटलं, मलाच जमत नाहीये. श्वास चौदा. चार तासांची लघवी सगळी मिळून सत्तर मिली. चार्टवर दिसलं तेच लिहिलं आणि दुसऱ्या खोलीत बाळंतपण आटोपत असलेल्या स्टाफ सिस्टरना बोलवायला धावले. त्यांनी येऊन हातोडी घेतली, एकदा मारली, माझ्या हातातली भरलेली सिरिंज काढून ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "द्यायचं नाही." ड्युटीवरचे डॉक्टर सिझर अर्धवट सोडू शकत नव्हते, त्यांनी निरोप पाठवला की थांबवा, कॅल्शियम काढून ठेवा, येतो. आले, तपासलं, आणि तेही बराच वेळ थांबले. पहाटे लघवी वाढली. श्वास अठरावर आले. सहाच्या सुमाराला डावा गुडघा जरासा उडाला. मला रडू आलं आणि मी ते नाक शिंकरल्यासारखं करून लपवलं.

सकाळी ती डोळे उघडून पाणी मागत होती. सासूने राऊंडला आलेल्या साहेबांचे पाय धरले. मग माझ्याकडे आली, कमरेची पिशवी सोडून वीसची नोट काढली आणि माझ्या हातात कोंबली. "घे. रातभर तिचं मूत काढीत बसलीस. च्या पी."

ती नोट घेऊन मी नुसती उभी. डोस ज्या आकड्यावर थांबला तो आकडा त्याच लघवीचा होता. स्टाफ सिस्टर हसल्या, म्हणाल्या, "बघतेस काय, चहा सांग." चहा आला, उरलेले पैसे वॉर्डातल्या मावशींनी घेतले.

पुढे कितीतरी वर्षं हा किस्सा मी 'चार वर्षं कशाला' या प्रश्नावर हुकमाच्या पानासारखा टाकत आले. सासूचं वाक्य सांगायचं, ऐकणारा ओशाळला की थांबायचं. हल्ली तसं जमत नाही. एक तर त्या बाईने मला हिणवलं होतं असं आता मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. तिने बघितलं तेच ती बोलली. रात्रभर मी लघवीच मोजत होते आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं काम होतं. साहेबांचे पाय धरले आणि मला पैसे दिले, हे मात्र अजून खुपतं. खुपू नये असं मला वाटतही नाही.

दुसरी अडचण जास्त मोठी. किस्सा सांगताना मी एक गोष्ट गाळायचे. "द्यायचं नाही" म्हणणाऱ्या स्टाफ सिस्टर डिग्रीवाल्या नव्हत्या. जीएनएम, तीन वर्षांचा डिप्लोमा. मला तीन निकष पाठ होते आणि गुडघा उडाला नाही तेव्हा मी स्वतःच्या हातावर शंका घेत होते. त्यांनी एका टिचकीत ठरवलं. मग हा किस्सा डिग्रीच्या बाजूने की विरुद्ध?

वहिनी, म्हणजे भाचीची आई, नेमकं इथेच बोट ठेवते. "मग जीएनएमच केलं असतं तर एक वर्ष आणि पैसे वाचले असते ना?" मी सांगते की डिग्रीशिवाय एमएस्सी नाही, शिकवायची नोकरी नाही. आपल्या देशात ही डिग्री १९४६ पासून आहे, दिल्लीला आणि वेल्लोरला सुरू झाली, उगाच नाही कोणी काढली. केअर प्लॅनमध्ये 'रॅशनल' नावाचा रकाना असतो, आपण जे करतो ते का करतो हे प्रत्येक वेळी लिहायला लावणारा. त्या रकान्याची आधी कटकट व्हायची, नंतर त्याच्याशिवाय हात चालेना. वहिनी म्हणते, तो रकाना जीएनएमला नसतो का? असतो. म्हणजे मुद्दा गेला. मग मी म्हणते की त्या सिस्टरांना वॉर्डात वीस वर्षं झाली होती. ती म्हणते, मग वॉर्डानेच शिकवलं ना. मी म्हणते, त्याच वॉर्डात वीस वर्षं काढून गुडघ्याला हात न लावणारेही मी बघितलेत. इथे ती थोडी थांबते, पण पटत नाही तिला. मलाही माझं सगळं बोलणं पटतं असं नाही. चार वर्षं फार की कमी, यावर आमचा वाद दर दिवाळीला होतो, आणि भाचीची पहिली सेमिस्टर अजून संपायची आहे.