शुलझे पाटील

वाळूजच्या आमच्या प्लांटमध्ये मशीन बसवायला जर्मनीहून एक इंजिनिअर आले होते. आडनाव शुल्त्से. गेटवरच्या मामांनी पासवर लिहिलं ‘शूलझे’, आणि दुपारपर्यंत अख्ख्या शॉपफ्लोअरवर झालं ‘शूल’. पोटात शूल उठतो तो. आमच्या लोकांना तेवढं पुरतं.

चहाच्या वेळी मीच विचारलं, या नावाचा अर्थ काय? ते म्हणाले, मूळ शब्द ‘शुल्टहाइस’. ‘शुल्ड’ म्हणजे देणं आणि ‘हाइसेन’ म्हणजे हुकूम करणं. गावाकडं ज्याचं जे देणं असेल ते भरायला लावणारा, जमीनदाराचा गावातला माणूस.

म्हणजे आमचे पाटीलच की ओ!

मग गडी खुलला. पूर्वेकडं नवी गावं वसवताना, बाराव्या-तेराव्या शतकात, कुळं आणून बसवणाऱ्यालाच बऱ्याचदा ही शुल्त्सेकी मिळायची, तीही वंशपरंपरेनं. वर सारा माफ असलेली जमीन आणि न्यायनिवाड्यात जमलेल्या दंडाचा तिसरा हिस्सा. इनाम आणि हक्क, दुसरं काय. पुढं अधिकार गेला नि आडनाव तेवढं उरलं. तेही मुलखागणिक वेगळं: कुठं शुल्त्स, वेस्टफालियात शुल्टं, सायलेशियात शोल्त्स. त्यांचे चॅन्सेलर होते ना ओलाफ शोल्त्स, तेही यातलेच. आपल्याकडं लातूरचा नि बीडचा माणूस एक शब्द एकसारखा बोलत नाही, तिथं हे काहीच नाही.

मला यातलं ‘शुल्ड’ मात्र डोक्यातून जाईना. जर्मनमध्ये कर्जालाही शुल्ड आणि अपराधालाही शुल्डच म्हणतात. आमचे पणजोबा निजामाच्या काळात औशाकडच्या एका गावात माली पाटील होते, म्हणजे वसुलीचे. (पोलीस पाटील वेगळा.) आमचं खरं आडनाव जाधव, शाळेत नाव घालताना मास्तरांनी ‘पाटील’ लावलं ते लागलंच. आजी सांगायची, वसुलीच्या दिवसांत लोक आमच्या वाड्यासमोरून जायचेच नाहीत, मागच्या बोळीनं वळसा घालून जायचे. देणं थकलेला माणूस मान खाली घालून चालतो, चोरी केल्यागत. तिला जर्मन यायचं नाही, पण शुल्ड तिनं ओट्यावर बसून बघितलं होतं.

हे सगळं मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. शुल्त्सेंनी नीट ऐकून घेतलं आणि अगदी इंजिनिअरसारखा प्रश्न टाकला: तुमच्या पणजोबांना दंडात किती हिस्सा होता?

मला कुठं माहीत. रात्री गावाकडं दादांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला. दादा आधी हसले, मग म्हणाले, “हिस्सा कसला बाबा? वसूल कमी पडला की तहसील कचेरीत आज्यालाच दिवसभर उभं करायचे.”

दुसऱ्या दिवशी पासवर मामांनी लिहिलं होतं, ‘शुलझे पाटील’.