प्याल्यात काय होतं

बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर गावागावात नेऊन तपासणं हे माझं काम. 'समजलं का?' हा प्रश्न आम्ही कधी विचारत नाही, कारण उत्तर नेहमी 'हो' येतं. उतारा दोनदा वाचायचा, कागद कुणाच्या हाती द्यायचा नाही आणि म्हणायचं, "मावशी, हे शेजारणीला सांगायचं तर कसं सांगाल?" ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं. मधे समजावून सांगायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

नगर जिल्ह्यातलं गाव, चर्चची ओसरी, मंडळीतल्या सात बायका. भाकर आणि द्राक्षारस जिथे वेगळ्याच अर्थाने येतात, त्या ओळी त्या दिवशी घेतल्या होत्या.

भाकरीने काही त्रास दिला नाही. हिब्रूत 'लेहेम' म्हणजे भाकरही आणि सगळं अन्नही. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. आपली भाकरही तव्यापुरती कुठे असते? ८०व्या स्तोत्रात देवाने लोकांना अश्रूंची भाकर खायला घातली, असं आहे. एक मावशी म्हणाल्या, "रडत रडत खाल्ली असं न्हाई. रडणंच जेवण झालं." इतकी नेमकी टीप मी कुठल्या टीकाग्रंथात वाचलेली नाही. नीतिसूत्रांत दुष्ट लोक दुष्टाईची भाकर खातात, तिथे तिघी एकदम म्हणाल्या, "हरामाची." अडलं ते 'बेखमीर' या शब्दावर. ज्वारीच्या भाकरीत खमीर घालतं कोण?

मग यिर्मया या संदेष्ट्याचं पुस्तक, अध्याय २५. देव संदेष्ट्याला सांगतो, माझ्या हातून संतापाच्या द्राक्षारसाचा प्याला घे आणि मी तुला पाठवतो त्या सगळ्या राष्ट्रांना पाज. ते पितील, झोकांड्या खातील, वेडे होतील. दोनदा वाचलं. मघाच्याच मावशींनी सांगायला घेतलं, "लोक संतापले व्हते. देवानं त्यास्नी रस पाजला, शांत केलं. कुणाला वगळलं न्हाई." मग झोकांड्या? "तहानेनं."

बाकीच्या माना डोलवत होत्या. शिक्षेचा उतारा आशीर्वादाचा झाला होता, आणि चूक त्यांची नव्हती. 'द्राक्षारस' हा शब्द त्यांच्या कानावर फक्त प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि प्याला घेतात तेव्हा, पडतो आणि त्या गावात त्या छोट्या पेल्यात गोड रस असतो. हिब्रूतलं 'यायिन' नोहाला झिंगवणारं आहे. संतापासाठी तिथे 'हेमा' शब्द आहे, त्याचा अर्थ विषही होतो. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात शत्रूंचा द्राक्षारस म्हणजे सापांचं विष म्हटलंय, तिथेही हाच शब्द. आदरापोटी आपण इतका सोवळा शब्द धरून बसलो की त्यातली झिंग गेली, विषही गेलं.

पर्याय म्हणून लिहून नेलेली ओळ मी वाचली: "माझ्या संतापाच्या दारूचा प्याला." कुणी काही बोलेना. मग कोपऱ्यातली एक बाई, तोवर गप्प बसलेली, हातवारे करत सांगू लागली. "माणूस आधी गुडघ्यातनं जातो. मग भित्ताड धरतो. मग ओकतो. पडला की हाका मारल्या तरी उठत न्हाई." प्या, झिंगा, ओका, पडा, पुन्हा उठू नका, हे सगळं त्याच अध्यायाच्या २७व्या वचनात आहे. ते मी अजून वाचलंच नव्हतं.

लिहिताना माझा हात थरथरत होता. तेवढ्यात तीच म्हणाली, "ताई, क्रुसावर जायच्या आदल्या राती बागेत प्रभू म्हनला, हा प्याला माझ्यावरून टळो. त्यो ह्योच का?"

सांगायला जीभ शिवशिवत होती. मी एवढंच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"ह्योच आसंल तर मग त्यानं घेतला कसा?" ती म्हणाली आणि पदर सावरत उठली. पाण्याची वेळ झाली होती.

भाषांतर समितीत 'दारू' हा शब्द पडला. दारूने घरं मोडलेल्या गावात व्यासपीठावरून देव दारू पाजतो असं वाचायचं कसं, असं एक पाळक म्हणाले. हे मला खोडता आलं नाही, अजूनही येत नाही. प्रभुभोजनाच्या प्याल्यालाही उद्या लोक दारू म्हणतील, हे मात्र मी मान्य केलं नाही. शेवटच्या भोजनाच्या वृत्तांतांत द्राक्षारस हा शब्दच नाही. प्याला आहे आणि द्राक्षवेलीचा उपज आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून सोप्या मराठीत बायबल आणलं (१९२४ साली ते छापून झालं), ते साध्या बायकांना कळावं म्हणूनच, हेही मी बोलले. कुणी विरोध केला नाही, निर्णयही बदलला नाही. कुणीतरी 'मद्य' सुचवलं. घरात कोण म्हणतं मद्य? शेवटी ठरलं, 'झिंगवणारा द्राक्षारस'.

तो मजकूर घेऊन शेजारच्या गावात गेले. झोकांड्या सगळ्यांनी बरोबर सांगितल्या, शिक्षा आहे हेही सांगितलं. बागेतल्या प्याल्याचं कुणी काढलं नाही. मी बराच वेळ वही उघडी ठेवून बसले होते.